विचारलेलं आधी सांग

बाये, तुझ्या काजूच्या धंद्याच्या आणि घरच्या दोन खोल्यांच्या वेबसाइटचा मजकूर वाचला. रंग छान, फोटो मोठे. मजकुरात मात्र 'गुणवत्ता हेच आमचं ब्रीद' आहे, 'निसर्गाच्या कुशीत' आहे, 'ग्राहकांचं समाधान हीच आमची पावती' आहे, आणि आपलं गाव इब्रामपूर कुठंच नाही. एक परीक्षा सांगतो. वाचताना आपल्या गावाऐवजी वेंगुर्ला किंवा मंगळूर मनात धर. वाक्य तरीही तसंच्या तसं चाललं, तर ते काढून टाक. ते वाचून कुणी पाव किलो काजूसुद्धा मागवणार नाही.

मी जन्मभर मराठी शाळेत शिकवलं. जत्रेची आणि नाटकांची हस्तपत्रकं लिहिली, पेपरांना पेडण्याच्या बातम्या पाठवल्या. वेबसाइट उभी करणं हे तुझं काम, त्यात मी बोट घालत नाही. पण अनोळखी माणसानं वाचून विश्वास ठेवावा आणि खिशात हात घालावा, असं लिहायचं तर त्याच्या रीती कागदावर होत्या त्याच आहेत. त्या सांगून ठेवतो.

फोनवर विचारतात तेच लिही

लिहायला विषय सुचत नाही म्हणतेस. फोन वाजला की तुझ्या तोंडून जी उत्तरं निघतात तेच विषय. फोनशेजारी एक वही ठेव आणि गिऱ्हाइकानं विचारलेलं वाक्य त्याच्याच शब्दांत उतरव. पुण्याची बाई विचारते, 'काजू खरंच गोव्याचे आहेत की बाहेरून आणलेले?' ठाण्याचा माणूस विचारतो, 'सालीसकट भाजलेले आहेत का?' कुणी विचारतो, पावसात मऊ पडतात का, दिवाळीआधी पोचतील का, डब्ल्यू २४० म्हणजे काय.

खोल्यांचंही तसंच. मोप विमानतळावरून रात्री उशिरा गाडी मिळेल का? खोलीत मोबाइलला रेंज आहे का? मे महिन्यात पाणी पुरतं का? सोमवारी मासे मिळतील का? म्हातारी आई बरोबर आहे, पायऱ्या किती? यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर तुझ्या वेबसाइटवर नाही.

जो प्रश्न पुन्हापुन्हा येतो त्याला स्वतंत्र पान दे आणि पानाचा मथळा प्रश्नाच्याच शब्दांत ठेव. पहिल्या दोन ओळींत सरळ उत्तर, कारणं आणि तपशील त्याखाली. वाचणारा घाईत असतो. उत्तर मिळालं तर तो पुढचं वाचायला थांबतो, प्रस्तावना दिसली की निघून जातो.

जे नाही ते वरच लिही

आपलं गाव पेडणे तालुक्यात, पण समुद्राच्या नव्हे, दोडामार्गाच्या बाजूला. हरमल, मांद्रे, मोरजी हे किनारे तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला. 'गोवा' हा शब्द वाचून माणूस मनात लाटा धरून येतो. म्हणून खोल्यांच्या पानावर अगदी वर लिही : इथून समुद्र दिसत नाही, समुद्रावर जायला गाडी लागते. ज्याला रोज पोहायचंय तो येणार नाही आणि तेच बरं. तो आला असता तर दुसऱ्या दिवशी रुसून गेला असता आणि जाताना चार वाईट ओळी लिहून गेला असता.

मग जे आहे ते सांग, पण 'निसर्गरम्य परिसर' म्हणून मोकळी होऊ नकोस. शापोरा नदीकाठचा हळर्णचा किल्ला सांग. १७४६ साली पोर्तुगीजांनी तो सावंतवाडीकर भोसल्यांकडून जिंकला आणि त्या विजयावरून त्यांच्या व्हाइसरॉयला 'मार्क्विस ऑफ अलोर्ना' ही पदवी मिळाली. डिचोली तालुक्यातल्या साळ गावी शिमग्याला गड्यांचा उत्सव असतो, तो सांग. नार्व्याचं सप्तकोटेश्वराचं देऊळ सांग, शिवाजी महाराजांनी १६६८ साली ज्याचा जीर्णोद्धार करवला. शुक्रवारी म्हापशाचा बाजार. प्रत्येक ठिकाणी आपल्या घरून जायला किती वेळ लागतो, कुठल्या महिन्यात जावं, गाडी कुठं लावावी, हे तू स्वतः जाऊन येऊन लिही. मोपचा विमानतळ जानेवारी २०२३ पासून चालू झाल्यावर पेडण्यात उतरणारी माणसं वाढली आहेत. विमानातून उतरल्यावर समुद्राकडे न वळणारा एखादा पाहुणा असतोच. तुझं पान त्याच्यासाठी.

सगळे करतात ते तू सांग

अमेरिकेत क्लॉड हॉपकिन्स नावाचा जाहिरात लिहिणारा होऊन गेला. १९२३ साली आलेलं त्याचं 'सायंटिफिक ॲडव्हर्टायझिंग' हे पुस्तक जाहिरातवाले आजही वाचतात. श्लिट्झ बिअरच्या कंपनीनं त्याला काम दिलं तेव्हा सगळ्याच बिअरवाल्यांची एकच ओरड चालली होती : आमची बिअर शुद्ध. हा गृहस्थ कारखाना बघायला गेला. बिअर गाळतात कशी, पाणी किती खोल विहिरीतून काढतात, बाटल्या वाफेनं कशा धुतात, हे सगळं पाहून आला. मालक म्हणाले, यात विशेष काय, सगळेच असं करतात. हॉपकिन्सचं उत्तर होतं, करतात सगळे, पण कुणी सांगितलेलं नाही. त्यानं ते जसंच्या तसं लिहिलं आणि मागे पडलेली श्लिट्झ पहिल्या रांगेत जाऊन बसली.

तुझ्याकडे सांगण्यासारखं त्याहून जास्त आहे. झाडाखाली पडलेलं काजूचं बोंडू गोळा करायचं, बी पिळून वेगळी करायची, खळ्यात उन्हं दाखवायची, भाजायची, फोडायची, सोलायची, मग निवडायची. सुक्या बिया साधारण चार किलो घ्याव्यात तेव्हा एक किलो गर हाती लागतो. हे एक वाक्य लिहिलंस की 'एवढा भाव का?' हा प्रश्न निम्मा सुटतो. बी फोडताना कवचातलं तेल कातडी जाळतं, म्हणून बायका हाताला खोबरेल लावतात किंवा राख चोळतात. हे वाचल्यावर भावावरून घासाघीस करणाऱ्याचा आवाज थोडा उतरतो.

आणि त्या डब्ल्यू २४० चं कोडं तू सोडव. आकडा म्हणजे एका पौंडात, म्हणजे ४५४ ग्रॅममध्ये, किती अख्खे गर बसतात ते. डब्ल्यू १८० मध्ये १७० ते १८० गर, डब्ल्यू २४० मध्ये २२० ते २४०, डब्ल्यू ३२० मध्ये ३०० ते ३२०. आकडा लहान तितका गर मोठा. पाव किलोच्या पुड्यात १८० वाले शंभराच्या आत भरतात, ३२० वाले पावणेदोनशेच्या आसपास. पुढं असंही लिही की पुलावात, भाजीत किंवा वाटपात घालायचे असतील तर तुकडा घ्या, मोठ्या गराचे पैसे उगीच घालवू नका. स्वस्त माल सुचवणाऱ्या दुकानदारावर लोक महागाच्या वेळीही विश्वास ठेवतात.

विकण्याआधी काहीतरी दे

तुम्ही ज्याला इंग्रजीत कंटेंट मार्केटिंग म्हणता ते मराठीत शंभर वर्षांपूर्वी होऊन गेलंय. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढले तेव्हा शेतकरी हात लावायला तयार नव्हते. लोखंडानं जमीन नासते, असा समज होता. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली आणि १९२० साली तिथूनच शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केलं. निघालं ते कारखान्याची आणि मालाची खबर द्यायला. पण शंकररावांना उमगलं की घरात वाचण्यासारखं काही असेल तरच अंक घरात राहतो. उद्योग, शेती, आरोग्य, समाज, सगळं त्यात येऊ लागलं. पुढं त्याचंच 'किर्लोस्कर' मासिक झालं, १९३० साली 'स्त्री' आलं, १९३४ साली 'मनोहर'. नांगर कधीच न घेणारी घरंही किर्लोस्करांचं नाव आदरानं घेऊ लागली.

'कालनिर्णय' घे. मालवणच्या जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली ते सुरू केलं. पंचांग तर सगळेच छापत होते. यांनी पानाच्या मागच्या बाजूला पाककृती, आरोग्य, उपयोगाची माहिती दिली आणि महिना उलटला तरी पान फाडून फेकवेना.

तू काय देशील? ओले काजूगर सोलताना चीक लागू नये म्हणून काय करावं. ओल्या काजूगरांची उसळ आपल्याकडे कशी करतात. काजूला ओल लागली तर मंद आचेवर किती वेळ परतावं. वर्षभर ठेवायचे असतील तर कुठल्या डब्यात, फ्रीजमध्ये ठेवावेत की बाहेर. मार्च ते मे या हंगामात बोंडूच्या रसाच्या भट्टीवर काय चालतं, नीरो, हुर्राक आणि फेणी यांत फरक काय, हेही लिही, लोकांना फार कुतूहल असतं. फक्त लिहायचं, बाये. अबकारी परवान्याशिवाय दारू विकायची नाही, कुरियरनं तर नावच काढायचं नाही.

हे वाचणाऱ्यांतले बहुतेक तुझ्याकडून काही घेणार नाहीत. त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. ज्यानं तुझ्याकडून उसळ शिकली तो काजू घ्यायची वेळ आली की परक्या दुकानात जायला कचरतो.

गिऱ्हाइकाचा शब्द आधी, आपला मागाहून

मुंबईकर 'आमसुलं' शोधतो, आपण 'सोलां' म्हणतो. 'आमसुलं' मथळ्यात घाल, 'सोलां' मजकुरात. 'अतिथिनिवास' कुणी शोधत नाही, 'होमस्टे' शोधतात, तेव्हा होमस्टेच लिही. गुगलच्या चौकटीत 'गोव्याचे काजू' एवढं टाइप करून थांब, खाली आपोआप जे पर्याय येतात ती लोकांची खरी विचारणा. पानाच्या तळाशी आणखी काही दिसतात, तीही वहीत घे. मात्र एकच शब्द ओळीओळीत कोंबू नकोस, वाचणाऱ्याला वीट येतो आणि गुगललाही ते आवडत नाही.

मराठी युनिकोडमध्येच टाइप कर. श्रीलिपी, शिवाजी अशा जुन्या फाँटांत बसवलेला मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो, पण आत यंत्राला रोमन अक्षरांचा गोंधळ दिसतो. तसलं पान शोधात येतच नाही. फोटोत अक्षरं कोरून माहिती देऊ नकोस, त्याचीही तीच गत. आणि मराठी पान इंग्रजीवरून यंत्राकडून भाषांतर करून घेऊ नकोस. दोन्ही वेगवेगळी लिही. पुण्याच्या गिऱ्हाइकाचे प्रश्न आणि परदेशी पाहुण्याचे प्रश्न एक नसतात.

आता चॅटजीपीटीसारख्या यंत्राविषयी. शुद्धलेखन तपासून घे, मथळे सुचवायला सांग, माझी हरकत नाही. पण आपल्या खळ्यात यंदा ऊन किती दिवस मिळालं आणि माल उशिरा का सुकला, ते त्याला ठाऊक नाही. गुगलनंही २०२२ च्या डिसेंबरात आपल्या गुणवत्तेच्या कसोट्यांमध्ये 'प्रत्यक्ष अनुभव' ही कसोटी वाढवली. यंत्राचा मजकूर उद्या शंभर दुकानांकडे असेल. तुझा अनुभव तुझ्याकडेच आहे.

फोटो खरा, पान हलकं

म्हापशाच्या बाजारात माणूस काजू हातात घेतो, वास घेतो, एक दाणा तोंडात टाकतो, मग पैसे देतो. पडद्यावर यातलं काही होत नाही, ते काम फोटोला आणि शब्दांना करावं लागतं. म्हणून विकतचे चकचकीत फोटो काढून टाक. काजू तळहातावर ठेवून दिवसाच्या उजेडात फोटो काढ, म्हणजे आकार कळतो. खोलीचा फोटो दारातून काढ, न्हाणीघराचाही टाक. पाहुणे तेच आधी शोधतात. प्रत्येक फोटोला साधं वर्णन जोड, ज्यांना दिसत नाही त्यांना ते वाचून दाखवलं जातं आणि शोधातही उपयोग होतो.

मग गावात जिथं रेंज कमी असते तिथं उभी राहून स्वतःच्या मोबाइलवर पान उघडून बघ. पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा, असं गुगलचं माप आहे. फोटो जड असले तर गिऱ्हाईक वाट बघत बसत नाही.

भाव लपवू नकोस

'दरासाठी संपर्क साधा' हे वाक्य मला वाचवत नाही. वाचणारा म्हणतो, महागच असणार, किंवा तोंड बघून भाव सांगणार. वजन, भाव, टपालखर्च, माल कधी निघतो, खराब निघाला तर काय, हे एका ठिकाणी लिही. खोलीचा पावसाळ्यातला आणि डिसेंबरातला दर वेगळा असेल तर दोन्ही लिही. आगाऊ रक्कम किती आणि बेत रद्द झाला तर परत किती, तेही.

आणि प्रत्येक पानाच्या शेवटी एकच पुढची पायरी ठेव. उसळीच्या पानाखाली 'ओले काजूगर हंगामात हवेत? नाव नोंदवा'. आकड्यांच्या पानाखाली 'पाव किलोचा पुडा मागवा'. किल्ल्याच्या पानाखाली 'या तारखांना खोली रिकामी आहे का, व्हॉट्सॲपवर विचारा'. पाच बटणं दिलीस तर माणूस एकही दाबत नाही. फोन कुठल्या वेळात उचलतेस ते लिही आणि त्या वेळात उचल. चांगलं लिहून जमवलेलं गिऱ्हाईक फोन न उचलल्यानं शेजारी जातं.

कायद्याचा तपशील अभिमानानं लिही

हा भाग लोक पानाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत ढकलतात. तू ठळक लिही. खाण्याच्या वस्तूंसाठी एफएसएसएआयचा १४ आकडी क्रमांक. पुड्यातल्या मालासाठी निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता आणि मालाचा देश. वजनमापाच्या २०११ च्या नियमांप्रमाणे यातलं बरंचसं ऑनलाइन विक्रीतही दाखवावं लागतं. खोल्यांसाठी पर्यटन खात्याकडची नोंदणी. गोव्याचा पर्यटन व्यवसाय नोंदणी कायदा १९८२ पासून आहे. लांबून पैसे पाठवणाऱ्याला हे क्रमांक तुझ्या गोड शब्दांपेक्षा जास्त धीर देतात.

बाहेरच्या देशांतून आलेली बी इथं फोडून 'गोव्याचा काजू' म्हणून विकली जाते, ही तक्रार गोव्यात जुनी आहे. गोव्याच्या काजूला भौगोलिक मानांकन मिळालंय, जसं २००९ साली फेणीला मिळालं. पण मानांकन मिळालं म्हणजे कुणीही त्याची खूण चिकटवावी असं होत नाही, त्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते. ती करून घे, मगच खूण लाव. एखाद्या वर्षी आपला माल संपला आणि दुसऱ्या गावचा घेतलास, तर त्या गावाचं नाव लिही.

खोटे अभिप्राय लिहवून घेऊ नकोस. भारतीय मानक ब्यूरोनं २०२२ साली ऑनलाइन अभिप्रायांसाठी मानकच काढलंय आणि फसव्या जाहिरातींवर केंद्राची मार्गदर्शक तत्त्वंही त्याच वर्षी आली. त्याहून मोठं कारण असं की खोटी स्तुती एकाच वळणाची असते आणि वाचणाऱ्याला ती लगेच ओळखू येते. कुणी तक्रार लिहिली तर पुसू नकोस. खाली काय झालं आणि तू काय केलंस ते दोन ओळींत लिही. नवं गिऱ्हाईक तक्रारीपेक्षा ते उत्तर लक्ष देऊन वाचतं.

मोजायचं काय

किती लोक पान बघून गेले, या आकड्यानं हुरळू नकोस. नाटकाला गर्दी झाली म्हणून तिकिटं खपलीच असं नसतं, हे मी हस्तपत्रकं लिहिताना पाहिलंय. फोन किती आले, त्यातून माल किती गेला, तोच माणूस दुसऱ्यांदा कधी आला, हे वहीत मांड. प्रत्येकाला विचार, 'आमच्याविषयी कुठं वाचलंत?' गुगलचं सर्च कन्सोल फुकट आहे. लोक कुठले शब्द शोधत तुझ्यापर्यंत आले ते त्यात दिसतं. जे शब्द दिसतील आणि ज्यांचं उत्तर तुझ्याकडे नाही, ते पुढचं पान.

लिहून झालेलं पानही शिळं होतं. जूनमध्ये 'यंदाचा माल एवढा उरला' असं लिही, फेब्रुवारीत 'नवी बी या महिन्यात येईल'. पानावर तारीख टाक. दोन वर्षांपूर्वीचा भाव दिसला की गिऱ्हाईक समजतं, दुकान बंद पडलंय.

एवढं सगळं एकदम होणार नाही, आणि करूही नकोस. या आठवड्यात 'आमच्याविषयी'चं पान काढून टाक आणि त्या जागी एकच पान लिही : 'हे काजू खरंच गोव्याचे आहेत का?' बी कुठल्या बागायतीतली, कधी गोळा केली, कुणी फोडली, किती दिवस सुकवली, भाव काय आणि मागवायचे कसे, सगळं त्यात येऊ दे. ते पान खरं उतरलं तर पुढची पानं कोणती लिहायची ते तुला गिऱ्हाइकंच फोन करून सांगतील.